घर रिकामं करायला किती तास लागतात?

गेल्या महिन्यात लेकीनं मुंबईचा एक नकाशा पाठवला. ती नकाशांचंच काम करते. हवामान बदलाची झळ शहरातल्या कुठल्या भागाला जास्त बसेल याचा अंदाज काढायचा आणि फिकट पिवळ्यापासून गडद तांबड्यापर्यंत रंग भरायचे. खाली एवढंच लिहिलं होतं, "आई, बघून सांग." मी सत्तावीस वर्षं शाळेत भूगोल शिकवतेय. नकाशा हातात आला की आधी प्रमाण आणि सूची बघायची, रंगांकडं नंतर वळायचं, हे पोरांना मीच सांगत आले. म्हणून सूची वाचली आणि तिथंच थांबले. एका वॉर्डाला एक रंग होता.

२०११ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख होती आणि महापालिकेचे प्रशासकीय वॉर्ड तेव्हा २४. म्हणजे एका वॉर्डात सरासरी पाच लाखांवर माणसं. त्याच जनगणनेत सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून झालेल्या आमच्या महापालिकेची लोकसंख्या आहे ५ लाख २ हजार. मुंबईचा एक सरासरी वॉर्ड म्हणजे आमची तिन्ही गावं. उद्या कुणी या तिन्ही गावांना मिळून एकच रंग दिला तर? २०१९ च्या महापुरात गावभागातल्या घरांचे तळमजले पाण्याखाली होते. विश्रामबागेत त्याच दिवशी लोक कोरड्या रस्त्यानं चालत होते आणि पूरग्रस्तांसाठी पोळ्या लाटत होते. कुपवाड तर उंचावर. या सगळ्यांची सरासरी काढून जो रंग येईल तो यातल्या कुणाचाच नसेल.

हे सगळं लेकीला लिहून पाठवलं. रात्री तिचा फोन आला. रागावली नव्हती, उलट जरा खूश वाटली. तिनं सगळं समजावून सांगितलं, अगदी मी नववीच्या वर्गाला सांगते तसं. आधी धोका कुठला ते बघायचं, पाऊस, पूर, उष्मा, दरड. मग त्या धोक्याच्या वाटेत माणसं आणि घरं किती ते मोजायचं. त्यातली नाजूक किती, म्हणजे म्हातारी माणसं, तान्ही मुलं, आजारी, पत्र्याच्या घरात राहणारी. आणि सावरायची ताकद किती, म्हणजे उत्पन्न, शिक्षण, जवळचा दवाखाना, घरातला नळ. प्रत्येकाला शून्य ते एक यांमधला आकडा द्यायचा, कशाला किती वजन ते ठरवायचं आणि बेरीज करून एक निर्देशांक काढायचा.

"बेरजेत एकाची जमा दुसऱ्याची वजाबाकी झाकते की गं," मी म्हटलं. "वॉर्डात चार मोठी हॉस्पिटलं आहेत म्हणून तू ताकद जास्त धरलीस. नाल्याकाठच्या बाईला त्या हॉस्पिटलाच्या दारात कोण उभं करतंय?"

"माहितीये आई. आमच्यात पण हीच भांडणं चालतात. पण खालच्या पातळीवरची माहितीच नाही. जनगणना अजून २०११ चीच धरावी लागते. २०२१ ची झालीच नाही."

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. आणि मुंबईनं निदान कागदावर आणायला सुरुवात केलीय. मार्च २०२२ मध्ये तिथल्या महापालिकेनं हवामान कृती आराखडा जाहीर केला. आमच्या शहराचा असा आराखडा अजून माझ्या पाहण्यात नाही. तरी फोन ठेवल्यावर मला झोप लागली नाही, कारण त्या बेरजेत कुठला आकडा नाही ते मला माहीत होतं.

आमचं घर गावभागात. दगडी जोत्याचं जुनं घर, मागच्या बाजूला वर एक खोली, मध्ये लाकडी माळा. बाहेरच्या भिंतीवर सासूबाईंनी गेरूनं रेघा मारून ठेवल्यात. २००५ ची एक, तिच्या बरीच वर २०१९ ची, आणि दोन्हींच्या मध्ये २०२१ ची. सांगलीत ऑगस्ट लागला की माणूस माणसाला 'कसं काय' विचारत नाही, 'पुलाखाली किती' असं विचारतो. पूल म्हणजे कृष्णेवरचा आयर्विन, १९२९ सालचा. त्याच्या खांबावरचे फूट हे आमचं सगळ्यांचं घड्याळ. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, कर्नाळ रोडची माणसं आधी बाहेर पडतात, मग एकेक गल्ली. प्रत्येक घराला आपला फूट पाठ असतो. २००५ ला ५३ च्या पुढं गेलं होतं, तेव्हा म्हातारी माणसं म्हणाली, आता आमच्या हयातीत एवढं पाणी नाही येणार. २०१९ ला ५७ च्या पुढं गेलं. दोनच वर्षांनी परत ५४ च्या वर.

आमच्याकडं पूर धावत येत नाही, चालत येतो. कोयनेतून सोडलेलं पाणी कराडला कृष्णेला मिळून इथं पोचेपर्यंत एखादा दिवस जातो. पाणी तासाला काही इंच असं चढतं. आणि नदीकडून येतंय म्हणून नदीकडं बघत बसलात तर फसलात, कारण ते आधी मागनं येतं, गटारीतून उलटं. मोरीच्या जाळीतून बुडबुडे यायला लागले की समजायचं.

२०१९ ला ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आमच्या मोरीत रात्री साडेअकराला बुडबुडे आले. आमच्या घरात आठ हात. मी, हे, धाकटा दीर, जाऊ. गव्हाची कोठी, तांदळाचे डबे, गाद्या, मिक्सर, माझ्या पेपरांचे गठ्ठे, देव, सासूबाईंचं इन्शुलिन, सगळं वर नेलं. फ्रिज तेवढा पाटावर पाट रचून उंच केला. दीड वाजता आम्ही वरच्या खोलीत चहा पीत होतो. दोन तास लागले.

समोरच्या घरात तळमजल्यावर एक वहिनी भाड्यानं राहतात. नवरा ट्रकवर, तेव्हा तो हुबळीच्या पुढं अडकलेला. दोन मुलं, मोठा दहा वर्षांचा. अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई. आणि पिको-फॉलचं मशीन, ज्याच्यावर घर चालतं. पाणी त्यांच्याही मोरीतून त्याच वेळी आलं. आमच्या आणि त्यांच्या उंबऱ्यात वीतभराचाही फरक नाही. चहा पिऊन खाली बघितलं तर वहिनी घोटाभर पाण्यात बसून मशीनचे नट सोडवत होत्या. मशीन लोखंडी स्टँडला चार नटांनी बसवलेलं. तीन सुटले. चौथा गंजून बसलेला, पाना घसरत होता, बोटं सोललेली. ह्यांनी आणि दिरानं आधी आजींना खुर्चीत बसवून आमच्याकडं वर आणलं, मग मुलांना. परत गेले तेव्हा पाणी पोटरीला लागलं होतं. दोघांनी जोर लावला, नट काही हलला नाही. स्टँडसकट उचलायचं म्हटलं तर जिना त्यांच्या घराला नव्हताच आणि आमचा अरुंद. शेवटी मशीनवर प्लास्टिक बांधलं आणि सोडून दिलं.

पुढचे दिवस सगळ्या सांगलीनं काढले तसेच काढले. चहूकडं पाणी आणि प्यायला नाही, कारण नळाला पाणी नव्हतं. महामार्ग बंद. पाणी उतरलं तेव्हा आमच्या घरात कंबरेच्या वर चिखलाचा पट्टा उमटला होता आणि तो वास. तो वास सांगून कळत नाही. वहिनींनी मशीनचा ड्रॉवर ओढला तर तो येईना, आत गाळ भरून घट्ट बसलेला. स्क्रू-ड्रायव्हरनं उचकटला. आत बॉबिनींचा एक गोळा, लाल-निळे-पांढरे दोरे चिखलात थापल्यासारखे, आणि मध्ये एक चांदीचं पैंजण, मुलीचं, दुरुस्तीला म्हणून ठेवलेलं. वहिनी एवढ्या दिवसांत रडल्या नव्हत्या, त्या पैंजण पुसताना रडल्या. मशीनची मोटर गेली. नवीन घ्यायला त्यांना दिवाळीनंतरचा महिना उजाडला, म्हणजे लग्नसराई आणि दिवाळी दोन्हींची कमाई गेली.

आता सांगा, कुठल्याही नकाशावर आमचं आणि त्यांचं घर वेगळ्या रंगात येईल का? धोका तोच, उंची तीच, गल्ली तीच, दवाखाना तेवढ्याच अंतरावर.

२०२१ च्या पुरानंतर दोन मुलं सर्व्हेला आली होती, हातात टॅब. कुणाकडून ते नाव इथं नको. वहिनींना विचारलं, घर पक्कं की कच्चं? पक्कं. टीव्ही आहे? आहे. घरात कमावतं कुणी? आहे. पाचव्या मिनिटाला मुलं पुढच्या दारात. त्या पोरांची चूक नाही, फॉर्मच तसा होता. पण पक्क्या घरात, टीव्हीवाल्या, कमावत्या नवऱ्याच्या घरात वहिनींचा नट कुठल्या रकान्यात लिहायचा?

त्या प्रश्नानं मला सोडलं नाही. पुढच्या हिवाळ्यात नववीच्या वर्गाला प्रकल्प दिला. आपल्या गल्लीतली, ओळखीतली घरं घ्यायची, पुस्तकातलं सगळं विचारायचं आणि शेवटी एक प्रश्न जास्तीचा. तुमचं घर रिकामं करायला किती तास लागतील, आणि हात किती? वर्गात आधी शब्दावरूनच चर्चा झाली. पाठ्यपुस्तकी शब्द मी फळ्यावर लिहिले, जोखीम, संवेदनशीलता, अनुकूलन क्षमता. एक मुलगी म्हणाली, "बाई, म्हणजे कुणाला किती झळ बसणार तेच ना?" तेच. मी बाकीचे शब्द पुसून तो एक ठेवला.

पोरं जे घेऊन आली त्यातलं बरंचसं मला ठाऊक नव्हतं, आणि मी इथं जन्मले-वाढलेली बाई आहे. शामरावनगरच्या एका मुलानं लिहिलं होतं, "आम्हाला पूर यायच्या आधीच पाणी येते." खरंच आहे. तिकडं नदी लांब, पण काळी माती, खोलगट जमीन, ओढे-ओत बुजवून गुंठ्यागुंठ्यानं पाडलेले प्लॉट. साधा जोराचा पाऊस झाला तरी पाणी आठ-आठ दिवस हलत नाही. त्यांच्यासाठी पुलाखालच्या फुटांना काही अर्थ नाही. गुंठेवारीतलं घर नियमित करून घ्यायला लोक वर्षानुवर्षं हेलपाटे घालतात, पण त्या घराखालचा ओढा कुठं गेला हे कुणी विचारत नाही.

हरिपूरच्या एका मुलीनं आजोबांना गाठलं होतं. हरिपुरात, जिथं वारणा कृष्णेला मिळते, तिथं जमिनीत हळदीची पेवं आहेत. वीसेक फूट खोल, तोंडाला अरुंद, आत रांजणासारखी. माती अशी की ओल धरत नाही, हळद आत वर्षानुवर्षं टिकायची. सांगलीची हळदीची पेठ त्या पेवांवर उभी राहिली. आजोबांनी तिला सांगितलं, पेव घाईनं रिकामं करताच येत नाही. तोंड बंद असतं, आत हवा कोंडून विषारी झालेली असते. झाकण काढून कितीतरी तास उघडं ठेवायचं, मग कंदील सोडून बघायचा, विझला तर माणूस आत उतरवायचा नाही. पूर आलाय म्हणून हवा लवकर शुद्ध होत नाही. २००५ ला पाणी शिरलं, पेवांतली हळद नासली, आणि त्यानंतर किती पेवं उघडलीच नाहीत. मुलीनं रकान्यात लिहिलं होतं, "तास: सांगता येत नाही. हात: कितीही असले तरी उपयोग नाही." मी तिला पैकीच्या पैकी दिले.

पुस्तकांचंही तसंच. १८६९ सालचं आमचं नगर वाचनालय. २०१९ ला तिथली हजारो पुस्तकं भिजून लगदा झाली. एक कपाट रिकामं करायला किती वेळ लागतो ते बघायचं असेल तर घरातलं एक करून बघा.

या प्रकल्पातून मला एक साधी गोष्ट कळली. पाणी आपल्याला काही तास देतं. घराला काही तास लागतात. लागणारे तास मिळणाऱ्या तासांपेक्षा जास्त असले की ते घर बुडालं, मग ते सिमेंटचं असो नाहीतर मातीचं. आमच्या घराला दोन लागले, मिळाले पाच-सहा. वहिनींना मिळाले तेवढेच, लागले असते दहा. या दोन्ही बाजूंवर काम करता येतं. मिळणारे तास वाढवता येतात. सुरतेचं उदाहरण आमच्याशी जवळचं आहे. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्यानं ते शहर बुडालं, आणि त्यानंतर त्यांनी धरणाच्या वरच्या अंगाला पडणाऱ्या पावसावरून आधीच इशारा देता येईल अशी व्यवस्था बसवली. लागणारे तास कमी करता येतात, जिना बांधून, हात जोडून, नटांना तेल घालून.

मुंबईला हे जास्त लागू आहे, कारण तिथं पाणी चालत येत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्यातला बहुतेक दुपारनंतरच्या काही तासांत. भरती वर होती, मिठीचं पाणी बाहेर पडायला जागा नव्हती. कुर्ल्यात, कलिन्यात माणसांना तास मिळालेच नाहीत, मिनिटं मिळाली. (त्याच पंधरवड्यात सांगलीही पाण्यात होती, पण २६ जुलै म्हटलं की कुणाला सांगली आठवत नाही. याचं मला अजून वाईट वाटतं.) मिनिटंच मिळणार असतील तर घराघरातला फरक आणखी महत्त्वाचा. तळमजला की पहिला मजला, दार आत उघडतं की बाहेर, आजी स्वतः उठून उभ्या राहतात की नाही.

पाऊस बदललाय का, हा प्रश्न पोरं दरवर्षी विचारतात. बदललाय. हवा एका अंशानं तापली की ती साधारण सात टक्के जास्त बाष्प धरते, आणि अरबी समुद्र तापतोय. मध्य भारतात १९५० ते २०१५ या काळात मोठ्या भागावर पसरलेल्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्याचं पुण्याच्या हवामानशास्त्र संस्थेतल्या संशोधकांनी दाखवून दिलंय. २३ जुलै २०२१ ला संपलेल्या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. सांगली शहरात साधारण तेवढा अख्ख्या वर्षात पडतो. कृष्णा तिथंच उगम पावते. म्हणजे आमच्या डोक्यावर ढग नसला तरी आमचा पूर तिकडं तयार होत असतो.

पूररेषांचं गणितही त्यामुळंच ढिलं पडतंय. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा. याचा अर्थ एकदा आला की शंभर वर्षं सुट्टी, असं नाही. दरवर्षी शंभरात एक शक्यता, आणि तीही जुन्या पावसाच्या नोंदींवरून काढलेली. सोळा वर्षांत तीन रेघा सासूबाईंच्या गेरूनं भिंतीवर मारल्यात. मी वर्गात आता लाल रेषा शिकवताना त्या भिंतीचा फोटो दाखवते.

खाली कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या अलमट्टी धरणाचं म्हणाल तर ते भांडण इथं चहाच्या गाड्यावरही चालतं. २०१९ नंतर नेमलेल्या वडनेरे समितीनं अलमट्टीला पुराचं कारण धरलं नाही. बऱ्याच लोकांना ते पटलं नाही, आणि कर्नाटक धरणाची उंची ५१९.६० वरून ५२४ मीटरच्या पुढं न्यायचं म्हणतंय म्हटल्यावर भीती वाटणारच. पाण्याला खालून फूग आली की इथलं उतरत नाही, हे आम्ही डोळ्यांनी बघतो. ते भांडण भांडायलाच हवं. पण त्यात सगळा आवाज खर्च होतो आणि वहिनींच्या घराला जिना नाही हे मागं राहतं, एवढंच मला म्हणायचंय.

आणि ज्यांना पुराची झळ, त्यांनाच उन्हाची. गेल्या एप्रिलमध्ये पोरांनी एका पत्र्याच्या खोलीत थर्मामीटर टांगला. दुपारी दोनला बाहेर सावलीत ४०, आत ४४. मला त्याचं नवल वाटलं नाही, पण मुलानं रात्री दहाचीही नोंद केली होती, आत ३५. ती खोली एका बांधकाम मजुराची. दिवसभर उन्हात, रात्री भट्टीत. अहमदाबादनं मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेत खूप माणसं गमावली आणि मग २०१३ मध्ये शहराचा उष्णता कृती आराखडा केला. तिथं आधी मृत्यू मोजले म्हणून उपाय सुचले. आमच्याकडं उन्हानं गेलेला माणूस 'हार्ट अटॅक' म्हणून जातो. पुराचं पाणी निदान भिंतीवर रेघ ठेवून जातं.

पाण्याचीही तीच तऱ्हा. एप्रिल २०१६ मध्ये मिरज स्टेशनातून लातूरला पाण्याची रेल्वे गेली. पहिल्या गाडीत दहा वाघिणी, पाच लाख लिटर, कृष्णेचं पाणी. मी वर्ग घेऊन ती बघायला गेले होते. पोरांना केवढा अभिमान वाटला होता. तीन वर्षांनी त्याच कृष्णेनं त्यातल्या कितीतरी पोरांची दहावीची पुस्तकं नेली. आणि मधल्या उन्हाळ्यांत घाटावर उभं राहिलं की पात्रात दगड दिसतात. ज्या जिल्ह्याच्या पश्चिमेला शिराळा चिंब आणि पूर्वेला जत-आटपाडी टँकरवर, त्या जिल्ह्याच्या शहराला एकच धोका लिहून भागत नाही.

लेकीशी या सगळ्यावर महिनाभर बोलणं चाललंय. तिनं तिच्या वरिष्ठांना तो जास्तीचा प्रश्न दाखवला. सगळ्या मुंबईसाठी जमणार नाही म्हणाले, पण कुर्ल्यातल्या एका वस्तीत दारोदार जाऊन विचारायला परवानगी मिळाली. एकट्या कुर्ल्याच्या एल वॉर्डातच नऊ लाखांच्या आसपास माणसं, त्यात एक वस्ती म्हणजे समुद्रातला थेंब. पण तिनं मला त्या वस्तीचा नकाशा पाठवलाय, आणि त्यात प्रत्येक घर वेगळं दिसतं. एका ओळीतली लागून असलेली दोन घरं, एक पिवळं, एक तांबडं. मी तिला विचारलं, मधे काय आहे? म्हणाली, "आई, पिवळ्या घराला पोटमाळ्याची शिडी आहे. तांबड्याचा पोटमाळा भाड्यानं दिलाय."

तिला स्वतःच्या खोलीचंही विचारलं. ती तळमजल्यावर राहते, मैत्रिणीबरोबर. जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "आमचे चार हात. वीस मिनिटं. पण शेजारच्या आजींना धरलं नाही यात." दुसऱ्या दिवशी मेसेज आला, आजींसकट पस्तीस मिनिटं, आणि वरच्या मजल्यावरच्यांशी बोलून ठेवलंय.

आमच्या गल्लीनंही या मे महिन्यात एक यादी केलीय. कुणाच्या घरी कुणाचे हात जाणार, आजींची खुर्ची कुणी धरायची, कुणाची औषधं कुणाच्या फ्रिजमध्ये. सासूबाईंनी यादीवर सर्वांत आधी सही केली, त्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत. वहिनींच्या घरमालकानं मागच्या बाजूनं लोखंडी जिना बसवायचं कबूल केलंय, अजून बसवलेला नाही, मी रोज जाता-येता आठवण करते.

परवा रविवारी वहिनींच्या नव्या मशीनचे चारही नट आम्ही काढले, रॉकेलनं पुसले, ग्रीस लावून परत बसवले. आता हातानं फिरतात. मोठा मुलगा आता कॉलेजला जातो, त्यानं घड्याळ लावून एकट्यानं मशीन उतरवून दाखवलं. सहा मिनिटं. पाना त्यांच्या दाराच्या मागं खिळ्याला टांगलाय, त्याला लाल दोरा बांधलाय, म्हणजे लाइट गेली तरी हाताला लागेल.